कुलूप लोखंडाचं, कुलूप कागदाचं

हा लेख गाडीचोरीवर आहे. आता तुम्ही म्हणाल, हॉस्टेलवाल्यांकडे कुठली आलीय गाडी! फोर व्हीलर नसेल, पण बाइक आणि स्कूटर आहेत ना? आपल्या पार्किंगमध्ये रात्री एक चक्कर मारा. हँडल लॉक बहुतेकांनी केलेलं दिसेल, पण त्याशिवाय दुसरं कुलूप लावलेल्या गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि आरसी बुक स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावावर असलेल्या गाड्या किती, हे विचारायला गेलात तर निम्मे लोक विषय बदलतात.

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे टेक्निकल शब्द इंग्रजीच येतील. मराठीच्या मॅडमनी सांभाळून घ्यावं. तर सुरुवात लोखंडी कुलपापासून.

हँडल लॉक म्हणजे काय? हँडल एका बाजूला पूर्ण वळवून किल्ली फिरवली की एक छोटी खिट्टी बाहेर येते आणि फ्रेमच्या खाचेत बसते. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. हँडलची मूठ मधल्या अक्षापासून साधारण ३६ सेंटीमीटर लांब आहे असं धरू, आणि ती खिट्टी अक्षापासून ३ सेंटीमीटरवर. म्हणजे १२ पट फरक. मुठीवर कोणी ४० किलोचा जोर लावला, तर खिट्टीवर ४८० किलोचा येतो. आपणच चोराच्या हातात एवढी लांब पहार देतो आणि वर म्हणतो, "लॉक तर केली होती!" हँडल लॉक निरुपयोगी आहे असं नाही. ते करावंच. पण ते एकटं पुरत नाही.

मग काय पुरतं? खरं सांगायचं तर कुठलंच कुलूप चोराला कायमचं अडवत नाही, ते फक्त वेळ विकत घेतं. चोराला तीन गोष्टी नको असतात: वेळ, आवाज आणि उजेड. म्हणून पुढच्या चाकाला डिस्क लॉक आणि मागच्या चाकातून साखळी, अशी दोन वेगळ्या जातीची कुलपं लावली की त्याला दोन वेगळी हत्यारं लागतात आणि वेळ वाढतो. साखळी नुसती चाकात गुंतवू नका, खांबाला किंवा ग्रिलला बांधा, नाहीतर दोघं मिळून गाडी उचलून टेम्पोत घालतात. ती जमिनीवर लोळू देऊ नका, कारण फरशीवर टेकवून हातोडा मारणं सोपं जातं. डिस्क लॉक लावलं की हँडलला एक रंगीत दोरी अडकवून ठेवा, म्हणजे सकाळी लेक्चरला उशीर झाला असताना तसाच ॲक्सिलेटर पिळून तोंडावर आपटणार नाही. शक्यतो वॉचमन काकांच्या केबिनजवळ, दिव्याखाली गाडी लावा. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

आता इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी. आजच्या बहुतेक कारमध्ये इमोबिलायझर असतो. किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये एक बारीक चिप असते, तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते. गाडी प्रश्न विचारते, चिप उत्तर देते. उत्तर चुकलं तर इसीयू इंजिन चालू होऊ देत नाही, मग किल्लीचे दाते कितीही हुबेहूब असोत. एवढ्याशा चिपने काय फरक पडतो, हे अमेरिकेत सगळ्यांना दिसलं. ह्युंदाई आणि किआच्या साधारण २०११ ते २०२१ या काळातल्या, किल्लीने चालू होणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये तिथे इमोबिलायझर दिला नव्हता. इग्निशनचं कव्हर उखडून यूएसबी केबलच्या टोकाने गाडी कशी सुरू करायची, याचे व्हिडिओ २०२२ मध्ये पोरांमध्ये पसरले आणि शहराशहरांत या गाड्यांच्या चोऱ्यांचा सुळसुळाट झाला. शेजारच्या कॅनडात मात्र तशी लाट आली नाही. कारण २००७ पासून तिथे नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. शेवटी २०२३ मध्ये कंपन्यांनी सॉफ्टवेअर बदलून दिलं. आणि गंमत बघा, पोलिसांमार्फत मालकांना काय वाटलं? स्टिअरिंगला लावायचं लोखंडी कुलूप! म्हणजे फिरून आपण लोखंडापाशीच आलो. आपल्याकडच्या साध्या, रोजच्या वापराच्या बहुतेक बाइकमध्ये असा इमोबिलायझर नसतो. तेव्हा साखळीला लाजू नका.

पण समजा, गाडी गेलीच. पुढे चोर तिचं काय करतो? एक तर सुटे पार्ट करून विकतो, नाहीतर अख्खी गाडी कुणाच्या तरी गळ्यात मारतो. त्यासाठी त्याला गाडीची ओळख पुसावी लागते. इथे दुसरं कुलूप सुरू होतं: कागदाचं.

गाडीची खरी ओळख म्हणजे चासिस नंबर. तो १७ अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. बहुतेक बाइकवर तो हँडलखाली फ्रेमच्या मानेवर ठोकलेला असतो. चोर तो ग्राइंडरने घासून टाकतो आणि त्यावर दुसरा ठोकतो. पण मेकॅनिकलच्या पोरांनो, मटेरियल सायन्स इथे कामाला येतं. पंचने आकडा ठोकला की फक्त वरचा खळगा तयार होत नाही, त्याखालचा धातूही दबून ताणला जातो. वरचा आकडा घासला तरी तो दबलेला भाग खाली शिल्लक राहतो. फॉरेन्सिक लॅबवाले ती जागा पॉलिश करून त्यावर फ्राय रिएजंट लावतात, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि क्युप्रिक क्लोराइडचं द्रावण. ताणलेला धातू आणि न ताणलेला धातू यांवर ॲसिडचा परिणाम सारखा होत नाही, आणि पुसलेला आकडा पुन्हा दिसायला लागतो. फार खोल घासलं असेल तर नाही दिसत. पण "घासला म्हणजे गेला" हा चोराचा समज खोटा आहे.

नंबर प्लेटचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट येते, आणि त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवून घेण्याचा आदेश महाराष्ट्रात निघाला. निळ्या अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला वेगळा क्रमांक आणि एकदा बसवला की तोडल्याशिवाय न निघणारा स्नॅप लॉक. पूर्वी दोन स्क्रू काढले की प्लेट बदलायची, तो धंदा त्यामुळे अवघड झाला. काहींना ती प्लेट दिसायला आवडत नाही आणि ते काढून 'दादा', 'बॉस' वगैरे फॅन्सी प्लेट लावतात. असा मित्र नाकाबंदीत आधी थांबवला गेला तर नशिबाला दोष देऊ नये!

नाकाबंदीवरून आठवलं. गेल्या गणपतीत आमच्या विंगमधल्या एकाला रात्री पोलिसांनी थांबवलं. लायसन्स होतं, हेल्मेटही होतं. हवालदारांनी मोबाईलवर नंबर टाकला.

"काय रे, गाडी कुणाची?"

"माझीच, साहेब."

"मग हा आरसीवर कोण आहे?"

याला ते नावच माहीत नव्हतं. कारण त्याने गाडी एका सीनियरकडून घेतली होती, त्या सीनियरने त्याच्या सीनियरकडून, आणि आरसी अजूनही कधीच पास आउट झालेल्या पहिल्या मालकाच्या नावावर! हवालदार शांतपणे म्हणाले, "नाव सांग, गाडी ने." मग आम्ही सगळे ओळखीपाळखीतून तो पहिला मालक शोधत बसलो. तो सापडला बंगळुरूला, रात्री साडेअकराला. "हो साहेब, मीच विकली होती," असं तो फोनवर बोलला तेव्हा कुठे सुटका झाली. गाडी चोरीची नव्हती. पण ती चोरीची नाही, असं सांगणारा एकही कागद त्याच्याकडे नव्हता. चोरीच्या गाडीवर बसलेला माणूसही अगदी तसाच दिसतो.

आणि हा नुसता मनस्तापाचा प्रश्न नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला सबळ कारण असून, तो अप्रामाणिकपणे घेतला किंवा ठेवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चाळीस हजारांची बाइक बारा हजारांत, "पेपर नंतर देतो" म्हणत कोणी देत असेल, तर ते कारण पुरेसं सबळ आहे! विकणाऱ्या सीनियर्सनीही ऐका. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की गाडी विकली तरी आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. म्हणजे तुम्ही पुण्या-बंगळुरूत नोकरी करताय आणि इथे तुमच्या जुन्या गाडीने कुणाला उडवलं, तर नोटीस तुमच्या घरी येणार.

उपाय अवघड नाही. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. एकाच राज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. घेण्यापूर्वी चासिस आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. त्या जागी घासल्याच्या खुणा किंवा वेगळा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या वाहन समन्वय सेवेत ती गाडी चोरीला गेल्याची नोंद आहे का, हेही बघता येतं.

आता इन्शुरन्स. इथे बरेच जण फसतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या टू व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पॉलिसीवर पाच वर्षांची तारीख बघून आपण निर्धास्त होतो. पण थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्याचं नुकसान! चोरीची भरपाई ओन डॅमेज या भागातून मिळते आणि तो अनेकदा पहिल्या वर्षानंतर संपलेला असतो. आज रूमवर गेल्यावर दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचा. भरपाईही नव्या गाडीच्या किमतीएवढी नसते. पॉलिसी घेताना गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के घसारा, चार ते पाच वर्षांची असेल तर ५० टक्के.

आणि गाडी गेलीच, तर आधी ११२ ला फोन करा. "आधी दोन दिवस शोधू" असं करू नका. एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येते, हद्दीचा प्रश्न येत नाही, आणि तिची प्रत फुकट मिळते. त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला कळवा. दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, कारण कंपनी दोन्ही मागते. तपास लागला नाही तर पोलीस 'अ समरी' रिपोर्ट देतात, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही. क्लेमसाठी तो लागतो. पण लक्षात घ्या, आरसी आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असेल तर यातलं काहीच तुमच्या हातात नाही. गाडी तुमची गेली आणि क्लेमवर सही त्या बंगळुरूवाल्याची!

साखळी चारचौघांना दिसते म्हणून आपण निदान तिचा विचार तरी करतो. कागद सॅकमध्ये असतो, म्हणून राहून जातो. आता परीक्षा संपल्या की फायनल इयरच्या गाड्या ज्युनियर्सना विकायला निघतील. लायब्ररीच्या एका पुस्तकासाठी आपल्याला नो ड्यूजच्या फॉर्मवर सही घ्यावी लागते. रेक्टर सरांना माझी विनंती आहे की त्याच फॉर्मवर आणखी एक ओळ टाकावी: "गाडी विकली असल्यास ट्रान्सफर केली का?" एका ओळीची शाई लागेल, पण पुढच्या बॅचमधला कोणीतरी रात्री साडेअकरापर्यंत चौकीत बसणार नाही.