ठेका तोच, आवाज निम्मा

शिमगा जवळ आला की हात शिवशिवायला लागतात. पालखी येणार, ढोल-ताशा लागणार, आणि आपला हात अजून बसलेला नाही! पण पंचांग आणि बोर्डाचं वेळापत्रक यांचं काही जमत नाही. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, दहावीची तिच्या पाठोपाठ, आणि होळी बहुतेकदा मार्चमध्ये. म्हणजे एका घरात ताशा कडाडतोय आणि शेजारच्या खिडकीत कुणीतरी कानात बोटं घालून केमिस्ट्री वाचतंय.

चिपळूण तालुक्यातल्या अलोऱ्यासारख्या गावात हे जास्तच जाणवतं. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे वाढलेलं हे गाव. शेजारी कोळकेवाडीचं धरण, मागे सह्याद्री. संध्याकाळी रहदारी कमी झाली की ताशाची एक काडी पडली तरी चार घरं पलीकडे कळतं. मग घरातून एकच हुकूम येतो, 'बंद कर ते!'

पण वाजवणं बंद करायची गरज नसते. हातात काय धरलंय ते बदललं, तरी बरंच काम होतं. ताशा असो, ढोल असो की कॉलेजच्या बँडमधला ड्रमसेट, आधी स्वतःला एक प्रश्न विचारा : मला हात तयार करायचाय, की इतरांसोबत हळू वाजवायचंय? या दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. इथेच घोळ होतो आणि पैसे वाया जातात.

आवाज कमी होतो कसा?

काडी जड असेल, तर तिच्याबरोबर जास्त जोर येतो. टोक कडक असेल, तर ते पानाला क्षणभरच टेकतं आणि 'कडाड' असा धारदार आवाज निघतो. टोक मऊ असेल, तर ते पानावर थोडं जास्त वेळ राहतं, धार जाते आणि नुसता 'धुप्प' उरतो. आणि एका काडीऐवजी बारीक काड्यांची जुडी असेल, तर त्या पुढे-मागे पडतात आणि घाव विखुरतो. बाजारातले सगळे पर्याय या तीन गोष्टींवरच चालतात. आवाज दहा डेसिबलनी उतरला, की कानाला तो साधारण निम्मा वाटतो.

पर्याय कोणते?

हलकी, बारीक काडी : सगळ्यात सोपा बदल. उसळी तीच राहते, पकड बदलावी लागत नाही. आवाज थोडाच कमी होतो, पण सुरुवात इथून करा.

रॉड्स : बारीक लाकडी किंवा बांबूच्या काड्यांची बांधलेली जुडी. काडी आणि ब्रश यांच्या मधला आवाज. गिटार आणि गाण्यासोबत ड्रम वाजवायचा असेल, तर हा पहिला पर्याय. उसळी कमी मिळते, त्यामुळे मनगटाला जास्त काम पडतं. ड्रमच्या कडेवर जोरात मारलंत तर काड्या लवकर तुटतात.

ब्रश : पंख्यासारख्या पसरणाऱ्या तारा. याची गोष्ट भारी आहे. १९१०च्या दशकात अमेरिकेत माशा मारायला तारांचं एक साधन निघालं, आणि जॅझवाल्यांनी तशाच तारा ड्रमवर फिरवायला घेतल्या! ब्रशने नुसतं मारायचं नसतं. तो पानावर घासून, गोल फिरवून वाजवतात. म्हणजे हे वेगळंच वाद्य शिकण्यासारखं आहे.

पॅड : रबराची गादी लावलेली फळी. हात तयार करायला याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण काडी तुमची नेहमीचीच राहते. घरी करायचं असेल, तर फळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून चिकटवा.

हळू वाजवणं म्हणजे कमीपणा, असं वाटत असेल तर निर्वाणाचा 'अनप्लग्ड' कार्यक्रम बघा. १९९३च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला झालेल्या या कार्यक्रमात ड्रमवर डेव्ह ग्रोल होता. त्याची ख्याती ड्रम बडवून काढणारा अशी, पण तिथे त्याने ब्रश आणि रॉड्सही हातात घेतले. गाणी तीच, पण आवाज खोलीत मावणारा.

ताशा आणि ढोलाचं काय?

ताशाची सगळी मजा काडीच्या उसळीत आहे. ब्रश उसळत नाही. ब्रशने महिनाभर ताशा घोटलात, तर मिरवणुकीत हात अडखळेल. म्हणून ताशावाल्यांनी स्वतःच्याच काड्या घेऊन पॅडवर बसावं. गंमत म्हणून रॉड करून बघायचा असेल, तर कोकणात सामान फुकट आहे : माडाच्या झापाचे हीर. सारख्या लांबीचे पंधरा-वीस हीर घ्या, टोकं घासून बोथट करा आणि दोन ठिकाणी चिकटपट्टीने आवळून बांधा. टोकं टोकदार राहिली, तर पानाला चरे पडतील.

ढोलाचा प्रश्न वेगळा. टिपरूच्या टोकाला सुती कापडाचे चार-पाच वेढे दिले की कडकपणा जातो, पण घुमणं राहतंच. आणि तो खालचा घुमारा भिंतीतूनही पलीकडे जातो. त्यामुळे नुसतं टिपरू बदलून भागत नाही, पानावर टॉवेलची घडी बांधावी लागते. आणि घरांपासून लांब जा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं, की आवाज साधारण सहा डेसिबलनी उतरतो.

शेजाऱ्यांसाठीच नाही

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. शाळा आणि रुग्णालयांभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो, तिथे मर्यादा आणखी कडक.

पण ढोल-ताशाच्या सगळ्यात जवळ कोण असतं? तुम्हीच. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं, 'नायोश'चं माप सांगतं. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं! सरावानंतर कानात 'कुंई' वाजत असेल, तर तो कानाने दिलेला इशारा आहे. ऐकण्याची शक्ती एकदा गेली की परत येत नाही. म्हणून पूर्ण आवाजात वाजवताना कानात बोळे हवेतच.

तर यंदाचा बेत असा आखा. रोजचा अर्धा तास पॅडवर, आपल्याच काड्यांनी, घड्याळाच्या टिकटिकीवर. बँडची तालीम रॉड्सवर. शेवटचे काही दिवस मात्र लांबच्या मैदानात, दिवसाउजेडी, खऱ्या काड्यांनी आणि खऱ्या जोराने वाजवा, कारण ताकद आणि दम पॅडवर कळत नाही. आणि शेजारच्या दादाचा किंवा ताईचा पेपर कधी आहे, ते आधी विचारून घ्या. पेपर संपल्यावर पालखीपुढे नाचायला तेच येणार आहेत.