जीवही जपायचा, अब्रूही जपायची



बचत गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज, कर्ज यांचं बोलणं उरकलं की कुणीतरी हळूच विषय काढते. "आमच्या जावेला डॉक्टर मनोरुग्णालयात न्या म्हणतात. पण तिथं म्हणे केस कापतात, कोंडून ठेवतात. बाईमाणसाला कसं पाठवायचं?" मग न्यायचं राहून जातं, दुखणं वाढत जातं. आपल्या राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथं आपली बाई दाखल झाली, तर तिची अब्रू आणि तिचा जीव दोन्ही कसे जपले जावेत, याबद्दल आज आम्ही बोलणार आहोत.

आधी अडचण समजून घेऊ. काही आजारांत माणसाला स्वतःचा जीव नकोसा होतो. काहींना भास होतात आणि त्या भरात ते दुसऱ्याला इजा करू शकतात. म्हणून पहिले काही दिवस नर्स वरचेवर येऊन बघते. कात्री, पिना, काचेच्या बांगड्या काढून घेतात. न्हाणीघराचं दार बाहेरूनही उघडता येईल असं असतं. आपल्याला ते बघून वाईट वाटतं, पण त्यामागे जीव वाचवण्याचं कारण असतं.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. सुरक्षेच्या नावाखाली माणसाची विटंबनाही होते. तमिळनाडूत एरवाडी इथं ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रमाला आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळदंडानं बांधलेले होते. त्यांना पळता आलं नाही आणि पंचवीसहून जास्त माणसं जळून गेली. साखळदंडानं कुणाचं रक्षण होत नाही, हे त्या दिवशी साऱ्या देशानं पाहिलं.

आता आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आहे. तो २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या बायकांच्या कामाच्या गोष्टी सांगतो.

रुग्णाचे केस सक्तीनं काढता येत नाहीत. तिची इच्छा असेल तर ती स्वतःचे कपडे घालू शकते, गणवेशाची सक्ती नाही. अंग झाकेल असे कपडे, स्वच्छ संडास-न्हाणीघर आणि पाळीच्या दिवसांत लागणारं सामान हा तिचा हक्क आहे. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल, तर सहसा त्याला आईपासून तोडायचं नाही. आईच्या आजारामुळे मुलाला धोका असेल किंवा त्यातच मुलाचं भलं असेल, तरच वेगळं ठेवता येतं. साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे. एकटीला खोलीत कोंडून ठेवायलाही बंदी आहे. भूल न देता शॉक देता येत नाही.

मग रुग्ण फारच अनावर झाली तर? तिला किंवा इतरांना लगेच इजा होणार असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर थोडा वेळ धरून किंवा बांधून ठेवता येतं. पण त्याला मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते, कागदावर नोंद लागते आणि २४ तासांच्या आत तिच्या प्रतिनिधीला कळवावं लागतं. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधायचं नाही.

म्हणून वॉर्डात काही खटकलं तर भांडण काढू नका, प्रश्न विचारा. ही नजर कशासाठी आहे? आंघोळीच्या वेळी लक्ष ठेवायला बाई असते की पुरुष? कॅमेरा असेल तर कुठं आहे आणि ते चित्र कोण बघतं? हा निर्बंध किती दिवस आणि पुन्हा विचार कधी करणार? खरोखर जिवासाठी केलेल्या गोष्टीचं कारण सांगता येतं आणि बाईला बरं वाटू लागलं की ती सैलही होते. उत्तर मिळालं नाही तर रुग्णालयाच्या प्रमुखाकडे आणि पुढे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो.

प्रतिनिधी कोण, तेही सांगतो. कोणतीही सज्ञान बाई साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो नवराच असला पाहिजे असं नाही. बहीण, आई, विश्वासाची मैत्रीणही चालते. मात्र ती सज्ञान हवी आणि तिनं लेखी होकार द्यायला हवा. बरं असतानाच हा कागद करून ठेवावा.

आता गुपिताबद्दल. डॉक्टरांनी आजाराची माहिती बाहेर सांगायची नाही. प्रतिनिधीला आणि उपचार करणाऱ्यांना ती सांगता येते. कुणाच्या जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरतीच सांगता येते. सरपंच, शेजारीण किंवा सोयरे विचारायला आले म्हणून नाही. रुग्णाचा फोटो तिच्या संमतीशिवाय वर्तमानपत्रात किंवा टीव्हीवर देता येत नाही. मग तो आपण व्हॉट्सॲपवर तरी का टाकावा?

हा नियम गटालाही लागू करू या. एखादीचा हप्ता थकला तर इतिवृत्तात "आजारपणामुळे मुदत दिली" एवढंच लिहा. आजाराचं नाव नको. कुणी विचारलं तर "दवाखान्यात आहे, उपचार चालू आहेत" एवढं पुरे. ती घरी आली की वॉर्डातल्या गोष्टी खोदून विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ती स्वतः सांगेल.

पण एक गुपित कधीच ठेवू नका. "मला जगायचं नाही" असं एखादी म्हणाली, तर "कुणाला सांगू नको" ही तिची अट मान्य करू नका. तिला एकटं सोडू नका, विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. तिला मात्र खरं सांगा, "तुझा जीव मोठा आहे, म्हणून मी एवढंच आणि एवढ्यांनाच सांगतेय." वॉर्डात काय आणि घरात काय, गरज असेल तेवढंच बघायचं, गरज असेल तेवढंच सांगायचं.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा आणि प्रतिनिधीचा कागद कोणाकोणाला करायचा आहे ते विचारा.