४० यार्ड आणि ५३ गडी

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोल चेंडू येतो. अमेरिकेत त्या खेळाला ‘सॉकर’ म्हणतात. तेथे फुटबॉल म्हणून जो ओळखला जातो तो खेळ निराळाच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हाताने फेकायचा, नाही तर छातीशी कवटाळून पळायचे, आणि समोरच्याने झेप घेऊन पळणाऱ्याला पाडायचे. सॉकरपेक्षा आपल्या हुतूतूशी त्याचे नाते जवळचे आहे, असे मला तरी वाटते. मैदान १०० यार्ड, म्हणजे आपले १०० वार लांब. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही तर बहुधा चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. इतके ध्यानात ठेवले की आजच्या विषयापुरते पुरे.

विषय असा, की अशा संघाचा वेग ठरतो कशावर? तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय? पळणारे गडी घेतले की संघ पळेल. पण खो-खोचा संघ बांधणाऱ्या गुरुजींना विचारा. पाठलाग करणारा एक पोरगा वाऱ्यासारखा असून भागत नाही. खो मिळाल्यावर बसलेला गडी उठायला उशीर करू लागला की पहिल्याचा सगळा वेग मातीत जातो. अमेरिकन फुटबॉलमध्येही तेच आहे; फक्त तिथे गड्यांची संख्या मोठी आणि पैशाचा हिशेब कडक.

मैदानावर एका वेळी ११ गडी असतात, पण व्यावसायिक संघाच्या पटावर ५३. चढाई करणारे ११ वेगळे, बचाव करणारे ११ वेगळे, लाथेने चेंडू दूर धाडताना उतरणारे पुन्हा वेगळे. त्यातले काही १४० किलो वजनाचे, भिंतीसारखे उभे राहणारे. काही ८५ किलोंचे, हरणासारखे. निवडीच्या वेळी या साऱ्यांना घड्याळ लावून ४० यार्ड पळवतात. म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर. चपळ गडी हे अंतर साडेचार सेकंदांच्या आत कापतो. २०२४ साली झेव्हियर वर्दी नावाच्या तरुणाने ते ४.२१ सेकंदांत कापून त्या चाचणीचा उच्चांक केला. पण १४० किलोंच्या गड्याला सामन्यात सरळ ४० यार्ड पळण्याची वेळ येते कधी? क्वचितच. त्याचे पहिले १० यार्ड पाहावेत. किंबहुना पहिले पाऊल पाहावे.

एकट्या माणसाच्या वेगाने काय होते, याचे जुने उदाहरण बॉब हेजचे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटरची शर्यत १० सेकंदांत जिंकली आणि पुढच्याच वर्षी तो डॅलस काउबॉइज या संघात दाखल झाला. पहिल्या हंगामात त्याने ४६ झेल घेऊन १००० यार्डांवर मजल मारली. त्याच्यामागे एकट्याने पळून त्याला गाठील असा बचावपटू कुणाकडे नव्हता. मग प्रतिपक्षांनी माणसामागे माणूस लावणे कमी केले आणि मैदानाचे भाग वाटून घेऊन प्रत्येकाने आपापली जागा राखायला सुरुवात केली. हेजच्या बाजूला दोघे उभे राहिले, की दुसरीकडे कुणीतरी मोकळा सुटे. येथेच खरी गोम आहे. त्या मोकळ्या जागेत वेळेवर पोहोचणारा दुसरा, तिसरा गडी संघात असेल तरच हेजचा वेग हा संघाचा वेग होतो. नाही तर तो एका माणसाचाच राहतो.

याच डॅलस संघात १९८९ साली जिमी जॉन्सन प्रशिक्षक म्हणून आला. पहिल्या हंगामात १६ पैकी १५ सामने हरला! त्यातच त्याने संघातला सर्वांत नामांकित गडी, हर्शेल वॉकर, मिनेसोटाच्या संघाला देऊन टाकला. वॉकर पळण्यातही पट्टीचा होता. बदल्यात काही गडी आणि पुढच्या वर्षांतले निवडीचे हक्क घेतले. तिथे दर वर्षी महाविद्यालयांतल्या खेळाडूंची निवड होते. तळाला राहिलेल्या संघाची पाळी आधी येते आणि या पाळ्यांची देवघेव करता येते. गावात पाण्याची पाळी बदलून घेतात ना, तसेच समजा.

जॉन्सनची दृष्टी अशी. बचावाच्या तीन फळ्या असतात. पुढची फळी सर्वांत जड, मधली त्याहून हलकी, पिछाडीची सर्वांत हलकी आणि वेगवान. त्याने पिछाडीला शोभेल असा गडी मधल्या फळीत आणायचा आणि मधल्या फळीतला पुढच्या फळीत उभा करायचा, असा क्रम धरला. एकही नवा विश्वविक्रमी धावपटू न आणता प्रत्येक जागेवरचा माणूस प्रतिपक्षाच्या त्या जागेवरच्या माणसापेक्षा जलद झाला. अर्थात फुकट काही मिळत नाही. वजन घटले, म्हणजे समोरून सरळ रेटा आला की अशी फळी मागे ढकलली जाते. त्यावर त्याने पुढच्या फळीत आलटूनपालटून जास्त गडी उतरवले. सामन्याच्या अखेरीस समोरचे जडावलेले असताना याचे पाय ताजे. १९९२ च्या हंगामात सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव डॅलसचा होता, आणि जानेवारी १९९३ मध्ये त्यांनी अंतिम सामना ५२–१७ असा जिंकला.

गंमत अशी, की वॉकरच्या बदल्यात मिळालेल्या हक्कांच्या जोरावर १९९० मध्ये घेतलेला एमिट स्मिथ घड्याळावर काही मोठा वेगवान नव्हता. तरी चेंडू घेऊन पळण्याचा १८,३५५ यार्डांचा विक्रम त्याच्याच नावावर आहे. उलट २०१७ साली जॉन रॉसने ४० यार्ड ४.२२ सेकंदांत कापले, सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर उचलले, आणि पहिल्या हंगामात त्याला एकही झेल मिळाला नाही. घड्याळ खोटे बोलत नाही, पण ते फार थोडे बोलते.

आता पैशाचे. १९९४ पासून तिथे प्रत्येक संघाच्या पगार-खर्चाला मर्यादा आहे. तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ साली २७ कोटी ९२ लाख. एका चपळ गड्याला मोठा वाटा दिला की उरलेल्या ५२ जणांना कमी उरते. निवडीतून आलेल्या तरुणांचा करार पहिली चार वर्षे तुलनेने स्वस्त असतो, आणि पायही तेव्हाच ताजे असतात. म्हणून वेगवान संघ बहुधा तरुण संघ असतो, आणि तो फार काळ तसा राहत नाही.

कॅन्सस सिटीपुढे हा पेच २०२२ च्या मार्चमध्ये आला. टायरीक हिल हा त्यांचा सर्वांत वेगवान गडी. त्यांनी त्याला मायामीला दिला आणि पाच निवड-हक्क घेतले. लोकांनी कपाळाला हात लावला. मायामीकडे तर वेगाचा पूर आला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी डेन्व्हरवर ७० गुण चढवले! पण कॅन्सस सिटीने ते दोन्ही हंगाम अजिंक्यपद मिळवले. जानेवारी २०२४ मध्ये दोघे बाद फेरीत समोरासमोर आले ते उणे २० अंश सेल्सिअस थंडीत. हिलने ५३ यार्डांची एक झेप घेतली खरी. मायामीचे बाकी काही जमले नाही. सामना २६–७. मायामीच्या बचावातले कित्येक गडी जखमी होऊन घरी बसले होते, हेही सांगितले पाहिजे. पण पटावरच्या शेवटच्या माणसांची परीक्षा होते ती अशाच दिवशी.

त्या शेवटच्या माणसांविषयी थोडे. ऑगस्टच्या अखेरीस ९० जणांतून ५३ निवडतात. पन्नासाव्या, एकावन्नाव्या जागेवर बहुधा असा गडी ठेवतात, की जो लाथेने उडवलेल्या चेंडूमागे सुसाट पळत जाऊन झेलणाऱ्याला पाडील. त्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही. मात्र तो दोन पावले मागे राहिला तर संघाला २० यार्डांचा फटका बसतो. २०२४ मध्ये डाव सुरू करतानाच्या लाथेचा नियमच बदलला. दुरून धावत येऊन आदळण्याने फार दुखापती होत, म्हणून आता हे गडी आधीच समोरच्यांच्या जवळ उभे असतात आणि चेंडू खाली येईपर्यंत हलायचे नाही. लांब पळण्याचे काम तेवढे घटले. जवळून चटकन वळणाऱ्याचे मोल वाढले. तेव्हा ती पन्नासावी जागा कुणाला द्यायची, याचा हिशेब प्रशिक्षकांना नव्याने मांडावा लागला.