शंभर लेझीमपटू आणि सदतीस अंकी संख्या

समजा, ठाण्याच्या नौपाड्यातल्या दहा गल्ल्यांची दहा लेझीम पथकं पाडव्याच्या शोभायात्रेत उतरली. प्रत्येक पथकात दहाजण, दहांच्या डोक्यावर दहा वेगळ्या रंगांचे फेटे; रंग सगळ्या पथकांत तेच. या शंभरजणांना राममारुती रोडवर दहा बाय दहाच्या चौकोनात उभं करायचं. कुठल्याही आडव्या-उभ्या रांगेत एका पथकाचे दोघं नकोत, एका रंगाचे दोन फेटेही नकोत.

लिओनार्ड ऑयलरनं १७८२ मध्ये सहा पलटणींच्या ३६ अधिकाऱ्यांवर हेच कोडं मांडलं. सहाला जमत नाही. दहा, चौदा, अठरालाही जमणार नाही, असं त्याचं भाकीत होतं. सहाबद्दल तो बरोबर होता. तिथं फेटे बाजूला ठेवून नुसती पथकं मांडायच्या रीती ८१ कोटी २८ लाख ५१ हजार २०० आहेत आणि त्यातल्या एकीवरही फेटे बसत नाहीत.

दहाला याच रीती किती? ९९८२४३७६५८२१३०३९८७१७२५०६४७५६९२०३२००००. सेकंदाला शंभर कोटी मांडण्या तपासणारं एकेक यंत्र जगातल्या ८०० कोटी माणसांना वाटलं, तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या जवळजवळ तिप्पट काळ लागेल!

म्हणूनच नागपुरात शिकलेल्या शरदचंद्र श्रीखंडे यांचं काम मला थक्क करतं. १९५९ मध्ये त्यांनी आणि राजचंद्र बोस यांनी एकेक मांडणी तपासत न बसता, छोट्या रचना जोडून बावीसचा चौकोन उभा केला. पाठोपाठ अर्नेस्ट पार्करनं दहाचा दिला. मग तिघांनी मिळून दाखवलं, की दोन आणि सहा सोडले तर कुठेच अडत नाही. ऑयलरचं भाकीत १७७ वर्षांनी पडलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी आली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताच्या प्रगत अध्ययन केंद्राचे पहिले संचालक झाले. आणि गंमत पाहा: पुढच्या संगणकीय अंदाजानुसार दहाच्या सुमारे ६० टक्के मांडण्यांवर फेटे बसतात. ऑयलरला अशक्य वाटलं ते चक्क बहुसंख्य निघालं.

आता प्रत्येकाच्या खांद्यावर दहा रंगांपैकी एक उपरणंही द्या. रांगांची अट तीच. शिवाय प्रत्येक पथकाशी आणि प्रत्येक फेट्याशी उपरण्याचा प्रत्येक रंग एकदाच जुळायला हवा. हे जमतं की नाही, आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. पथक, फेटा, उपरणं धरून असे नऊ गुण एकदम बसत नाहीत, हे १९८९ मध्ये क्लेमेंट लॅमच्या गटानं संगणकावर दाखवलं. श्रीखंडे यांच्या १९६१ च्या प्रमेयामुळे मग आठ आणि सातही बाद झाले. तीन ते सहा मात्र अजून खुले आहेत.