डब्यातलं बटण, ट्रंकेतला खण

दिवाळीची साफसफाई काढली, की आमच्या घरात एक भांडण ठरलेलं! माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवायची, पुसायची आणि जशीच्या तशी परत वर ठेवायची. ट्रंकेत काय? तर कापडाचे तुकडे, जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा, मिठाईच्या खोक्यांवरचे सोनेरी कागद, विरलेल्या साड्यांचे काठ आणि बिस्किटाचा एक डबा. त्या डब्यात गळ्यापर्यंत बटणं.

"आत्या, हे एकदाचं काढून टाकू या का?" मी दरवर्षी विचारायची. (आमच्या कराडकडं सासूला आत्या म्हणतात.)

"राहू दे. खायाला मागतंय व्हय तुला?" हे त्यांचं दरवर्षीचं उत्तर.

की झालं! मी तोंड फुगवून ट्रंक वर ढकलायची. दोन खोल्यांचं घर, त्यात हा पसारा. मैत्रिणींनो, खरं सांगा, तुमच्याही घरात अशी एक ट्रंक, एखादं गाठोडं नाहीतर किमान एक डबा असणारच. आपण त्याला अडगळ म्हणतो. मीही म्हणायची. तीन वर्षांपूर्वी माहेरी गेले आणि माझं तोंड बंद झालं.

माझी आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दादानं जुनं घर पाडून नवीन बांधायला काढलं. वहिनीचा फोन आला, "ताई, आईंची ट्रंक तशीच आहे. तुम्ही या, तुमच्यासमोर उघडू." मी गेले. आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागलो. तुकडे नीट घडी घालून, काठाच्या पट्टीनं बांधलेले. बटणं रंगाप्रमाणं वेगळ्या पुड्यांत. एका पुडीत एकच बटण होतं. निळं, कापड मढवलेलं, नखाएवढं. एकट्या बटणासाठी आईनं वेगळी पुडी का बांधली असेल? माझ्या फ्रॉकचं? दादाच्या झबल्याचं? की तिच्याच लग्नातल्या पोलक्याचं? दादाला विचारलं, त्याला आठवेना. वहिनीला माहीत असायचं कारण नव्हतं. आणि जिला माहीत होतं, ती तर आता नव्हती!

इतकी वर्षं दिवाळी, उन्हाळ्याच्या सुट्ट्या, बाळंतपण यासाठी माहेरी राहिले. आईच्या शेजारी बसून ती ट्रंक एकदाही उघडली नाही. तुकडे होते, पण त्यांची गोष्ट गेली होती. त्या दिवशी मी फक्त ती निळ्या बटणाची पुडी पर्समध्ये टाकून परत आले.

त्या दिवाळीला ट्रंक खाली उतरवली, पण भांडण केलं नाही. अंगणात जुनी चादर अंथरली, डबा त्यावर उपडा केला आणि म्हटलं, "आत्या, सांगा बरं, कुठलं बटण कुणाचं?"

त्यांनी आधी माझ्याकडं संशयानंच बघितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला सून असं काही विचारते म्हणजे नक्की टाकून द्यायचा बेत असणार! पण मग चष्मा पुसून बसल्या आणि दुपारची संध्याकाळ झाली तरी उठल्या नाहीत.

खाकी बटणं मामंजींच्या शर्टाची. ते एसटीत कंडक्टर होते. गणवेश फाटला की सासूबाई आधी बटणं कापून घ्यायच्या, मग काखेखालचं चांगलं कापड काढून ठेवायच्या आणि उरलेल्याचं फडकं करायच्या. पांढरी, चार भोकांची बटणं माझ्या नवऱ्याच्या आणि दिरांच्या शाळेच्या शर्टांची. एक मोठं तपकिरी बटण सासूबाईंच्या भावाच्या कोटाचं. तो मुंबईला गिरणीत होता. गावी येताना पॉपलिनचे तुकडे आणायचा. १९८२ च्या संपानंतर तो कायमचा गावी आला आणि तुकडे यायचे थांबले. शिंपल्याची, चमकणारी बटणं मोठ्या वन्संच्या पहिल्या झबल्याची. मला या घरात येऊन सत्तावीस वर्षं झाली. पण या घराची इतकी माहिती मला त्या एका दुपारी मिळाली.

मी मुलीची एक जुनी वही घेतली. प्रत्येक तुकड्याचं बोटभर चिंध्यांचं टोक कापून पानावर टाचलं आणि शेजारी लिहिलं, कुणाचं, कधीचं. मैत्रिणींनो, बाकी काही केलं नाहीत तरी एवढं नक्की करा. वही दहा-वीस रुपयांची, पण सांगणारं माणूस परत मिळत नाही.

मग म्हटलं, नुसतं लिहून ठेवून काय करायचं? वापरू या. आम्ही दोन गोष्टी करायला घेतल्या. एक गोधडी आणि संक्रांतीच्या वाणासाठी आहेराची पाकिटं.

गोधडी सासूबाईंच्या हुकमाखाली! कुणी हिला वाकळ म्हणतं, बंगालात कांथा असतो, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. नावं वेगळी, पण धावदोरा तोच आणि जुन्याला वाया न घालवण्याची वृत्तीही तीच. पहिला नियम, सुतीबरोबर टेरिकॉट घालायचं नाही. सुती कापड धुतल्यावर आटतं, टेरिकॉट आटत नाही, मग गोधडीला गोळे येतात. दुसरा नियम, प्रत्येक तुकडा आधी पाण्यातून काढायचा आणि ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचा. रंग लागला तर तो तुकडा बाजूला. तिसरा नियम, दोन्ही हातांनी ताणून बघायचं. चर्र आवाज आला की त्याचं आयुष्य संपलं, पायपुसण्यात घाला.

खाली जुनं नऊवारी लुगडं, मध्ये तीन थर विरलेल्या साड्यांचे, वर तुकडे. चारी कोपऱ्यांवर वजनाला पाटा-वरवंटा आणि दोन विटा! आधी लांब कच्चे टाके घालून सगळे थर धरून घ्यायचे. मग कडेनं धावदोरा घालत घालत, चौकोनात फिरत मध्यावर यायचं. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. दोरा दुहेरी आणि मेणबत्तीवरून ओढलेला, म्हणजे गुंतत नाही.

पाकिटांचं खातं माझं. लग्नपत्रिका फेकवत नाहीत, कारण त्यावर गणपती असतो. ठेवाव्यात तर ढीग होतो. म्हणून गणपती कापून एका पुठ्ठ्यावर चिकटवले, त्याचं देवघराच्या दाराला तोरण झालं. उरलेल्या जाड कागदाची पाकिटं. १९ सेंटिमीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर उंच असा तुकडा घ्यायचा. उंचीचे तीन भाग पाडायचे. साडेआठ सेंटिमीटर पुढची बाजू, साडेआठ मागची आणि पाच सेंटिमीटर वरची झाकणपट्टी. पुढच्या बाजूला दोन्हीकडं एकेक सेंटिमीटर चिकटवायला ठेवायचं, बाकीकडचं कापून टाकायचं. घडी घालायच्या रेषेवरून पट्टी धरून विणायच्या सुईचं बोथट टोक दाबून फिरवलं, की जाड कागदही न फाटता मुडपतो. पाचशेची नोट आत न दुमडता बसते.

झाकणपट्टीवर खणाची नाहीतर साडीच्या काठाची पट्टी चिकटवायची. त्यासाठी घरचीच खळ. वाटीभर गार पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद गॅसवर ढवळत राहायचं. चकाकी आली की उतरवायची. कापडाला पातळच लावा, नाहीतर डाग वर उमटतात. रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. खळ टिकावी म्हणून पूर्वी मोरचूद घालायचे, पण ते विषारी असतं. घरात लहान मुलं असतील तर नकोच, त्यापेक्षा रोज ताजी करावी.

आता बटणं. एक झाकणपट्टीवर, एक खाली पाकिटावर. खालच्या बटणाला वीतभर दोरा, तो दोन्ही बटणांभोवती आठाच्या आकड्यासारखा गुंडाळला की पाकीट बंद! पाकीट चिकटवण्याआधीच बटणं शिवून घ्या. मागच्या बाजूनं पुठ्ठ्याची छोटी टिकली ठेवा, म्हणजे कागद फाटत नाही. शिवताना बटणावर काड्यापेटीतली काडी आडवी धरून तिच्यावरून टाके घाला आणि शेवटी काडी ओढून काढा. सैल झालेला दोरा बटणाखाली गुंडाळला की बटणाला पाय येतो आणि गुंडाळायला जागा राहते. शर्टाचं बटणही असंच लावून बघा, काज ओढलं जात नाही. आणि हो, दोन्ही बटणं एकसारखी हवीत असं अजिबात नाही. डब्यात जोडी हरवलेलीच जास्त असतात, त्यांना इथं जोडीदार मिळतो! गंजलेली लोखंडी तेवढी काढून टाका, कागदावर डाग पडतो. आणि घरात रांगतं मूल असेल तर काम झाल्यावर जमीन नीट झाडून घ्या, बटण तोंडात जायला वेळ लागत नाही.

हे सगळं मजेत चाललं होतं. डिसेंबरात गोधडीचा धावदोरा मध्यावर आला आणि चौकोनभर जागा उरली. मी ट्रंकेच्या तळाशी हात घातला, तर कागदात गुंडाळलेला एक हिरवा खण निघाला. गुळेदगुड्डचा, लाल काठाचा, कोरा करकरीत, घडीसुद्धा न मोडलेला.

"अय्या, आत्या, हा किती छान! शिवला का नाही कधी?"

त्या सुईत दोरा ओवत होत्या. ओवून झाल्यावर म्हणाल्या, "माझी शेवटची ओटी ती. तुझं मामंजी गेलं त्याच्या आदल्या चैत्रातली. त्यानंतर कुणी भरली न्हाई."

मामंजी २००१ साली गेले. मी हिशेब करत बसले आणि मला माझीच लाज वाटली. कारण इतकी वर्षं दर संक्रांतीला माझ्या घरी हळदी-कुंकू व्हायचं. तीस-चाळीस बायका यायच्या. आणि आत्या? त्या आत स्वयंपाकघरात तिळगुळाच्या पुड्या बांधत बसायच्या. मी त्यांना बस म्हटलं नव्हतं, पण बाहेर या असंही कधी म्हटलं नव्हतं. ४ मे २०२२ ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. पेपरात वाचून मी "वा!" म्हटलं होतं. स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र डोकावले नव्हते.

"मधोमध घाल तो," आत्याच म्हणाल्या. खण मध्यावर बसवला. शेवटचा टाका घालण्याआधी त्यांनी आत तांदळाचे चार दाणे टाकले. "उपाशी गोधडी अंगावर घेऊ नये."

ती गोधडी आता पुण्याला होस्टेलवर माझ्या लेकीच्या पलंगावर असते. वहीही तिनं नेली. एकदा रात्री तिचा फोन आला, "आई, मैत्रीण विचारतेय हा खाकी चौकोन कुणाचा? मी म्हटलं, माझ्या आजोबांचा. मी त्यांना बघितलेलं नाही, पण रोज पांघरते!"

संक्रांत आली. चाळीस पाकिटं तयार होती. मी आत्यांना म्हटलं, "वाण तुम्ही द्यायचं. निम्मी बटणं तुमच्या हातची आहेत." नको, नको म्हणाल्या. लोक काय म्हणतील, हेही झालं. शेवटी दाराशी खुर्चीवर बसल्या. पहिल्या आलेल्या शेजारीणबाई हळदी-कुंकवाची कोयरी बघून क्षणभर अडखळल्या. मीच पुढं झाले, आत्यांना हळद-कुंकू लावलं आणि ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि एक नवा खण. माझा हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू? त्यानंतरच्या काही जणींनी लावलं, काही जणींनी नुसता तिळगूळ दिला. एक जण न बसताच गेली. पण पाकीट मात्र प्रत्येकीनं उलटसुलट करून बघितलं. "कुणी केलं?" विचारलं की आत्या सांगायच्या, "आमी दोघींनी."

रात्री आवराआवर करताना बघितलं, तर नवा खण कागदात गुंडाळून त्या ट्रंकेचं झाकण उघडत होत्या.

"आत्या, ट्रंकेत नाही ठेवायचा. उद्या शिवायला टाकायचा."

हसल्या. मग मी पर्समधली ती निळ्या बटणाची पुडी काढून दाखवली. माझ्या आईची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी बटण तळहातावर घेऊन दिव्याखाली फिरवून बघितलं. "कुणाचं का असंना, आता तुजं हाय. लावून टाक."

ते आता माझ्या रोजच्या बटव्याला आहे. तेव्हा मैत्रिणींनो, यंदा माळ्यावरची ट्रंक खाली उतरवाल, तेव्हा लगेच परत वर ठेवू नका आणि भंगारवाल्यालाही हाक मारू नका. चादर अंथरा, शेजारी आईला, सासूला बसवा आणि विचारा, "हे कुणाचं?"