कळफलकावरून दिलेली आज्ञा

संगणकावरील एखादी आज्ञावली सुरू करावयाची झाल्यास बहुतेक लोक माऊस हाती घेतात, पडद्यावरील चित्र शोधतात आणि त्यावर टिचकी मारतात. ज्याला दृष्टी नाही त्याला या रीतीचा काहीच उपयोग नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘ऑर्का’ ही आज्ञावली मदतीस असली, तरी त्याचे हात कळफलकावरच राहतात. अशा वाचकासाठी, आणि अर्थात भरभर टंकलेखन करणाऱ्या कोणासाठीही, नावाची दोनचार अक्षरे टंकून आज्ञावली बोलावण्याची सोय असते.

चेन्नईत घडविलेली ‘बॉस’ ही संगणक-प्रणाली याचे चांगले उदाहरण होय. भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स हे तिचे पूर्ण नाव. सी-डॅक संस्थेच्या चेन्नई केंद्राने ‘डेबियन’ या मुक्त प्रणालीच्या आधारे ती तयार केली. पहिली आवृत्ती २००७ च्या जानेवारीत निघाली. मराठीसह अनेक भारतीय भाषा तिच्यात वापरता येतात. तिच्या अनेक आवृत्त्यांबरोबर ‘ग्नोम’ ही पडद्याची मांडणी देण्यात आली.

ग्नोमच्या २०११ पासूनच्या आवृत्त्यांत ‘सुपर’ ही कळ दाबताच शोधाची चौकट उघडते. संगणक तेथे टंकलेली अक्षरे प्रत्येक आज्ञावलीच्या नोंदपत्राशी ताडून पाहतो. हे नोंदपत्र म्हणजे साध्या मजकुराची एक छोटी फाइल. तिच्यात आज्ञावलीचे नाव, ती सुरू करणारी आज्ञा आणि शोधशब्द लिहिलेले असतात.

अडचण येते ती लिपीची. कळफलक देवनागरीवर ठेवला आणि नोंदपत्रात केवळ इंग्रजी नावे असली, तर काहीच सापडत नाही, आणि नवख्याला वाटते की यंत्र बिघडले. उपाय मात्र सोपा आहे. नोंदपत्राची प्रत स्वतःच्या गृहकप्प्यातील नेमलेल्या जागी मूळ नावानेच ठेवावी आणि तिच्यात मराठी शोधशब्दांची ओळ घालावी. ग्रंथालयात सारे जण ‘लेखन’ म्हणत असतील तर ‘लेखन’ लिहावे. शब्दाशब्दांमध्ये अर्धविराम हवा. पडद्याची भाषा मराठी असता ही ओळ मूळ इंग्रजी ओळीची जागा घेते. म्हणून जुने शब्दही हवे असल्यास तेही तिच्यातच लिहावेत.

रोजच्या दोनतीन कामांसाठी तर टंकण्याचीही गरज नाही. मांडणीच्या कळफलक विभागात कोणत्याही आज्ञेस कळांची जोडी नेमून देता येते. कंट्रोल आणि सी यांसारखी आधीच कामात असलेली जोडी मात्र घेऊ नये, नाहीतर मजकुराची नक्कल करावयास जावे आणि भलतेच काही उघडावे. सुपर, आल्ट आणि एस या तीन कळा ग्नोममध्ये ऑर्का सुरू करण्यासाठी राखलेल्या आहेत. त्यांना कोणी हात लावू नये हे उत्तम. एकच संगणक अनेकांच्या हाती असेल तेथे तर दृष्टिहीन वाचकाचा सारा भरवसा त्यांवरच असतो.

हे फेरफार ज्याच्या त्याच्या खात्यापुरते असतात. शेजारच्या वाचकाच्या खात्यास त्यांचा स्पर्श होत नाही. गृहकप्प्यातील प्रत काढून टाकली की मूळ नोंदपत्र पुन्हा लागू होते.