जेटपॅक समुद्रात जीव वाचवेल का?

हातांवर आणि पाठीवर छोटी जेट इंजिने बांधून उडणाऱ्या माणसाचे व्हिडिओ मुले आम्हाला दाखवतात आणि विचारतात, "सर, बुडणाऱ्याला यानं वाचवता येईल ना?"

2021 मध्ये ब्रिटिश मरीन सैनिकांच्या सरावात असा सूट घातलेला माणूस स्पीडबोटीवरून उडून 'एचएमएस टॅमार' या नौकेवर उतरला. त्याआधी 2020 मध्ये तिथल्या डोंगरात पायी 25 मिनिटांचे अंतर 90 सेकंदांत कापले गेले. आपल्या लष्करानेही 2023 मध्ये 48 जेटपॅक घेण्यासाठी निविदा काढली.

पण इंधन काही मिनिटेच पुरते. शिवाय तोल हातांनीच सांभाळायचा, म्हणजे दोन्ही हात अडकलेले. मग बुडणाऱ्याला उचलणार कसे? 17 मे 2021 ला तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-305 हा तराफा बुडाला. 261 पैकी 180 हून जास्त माणसे वाचली ती लाइफ जॅकेट, नौदलाची जहाजे आणि हेलिकॉप्टरमुळे. तशा वाऱ्यात जेटपॅकचा निभाव लागणे कठीणच. 2023 मध्ये आमच्या माथेरानजवळच्या इर्शाळवाडीत दरड कोसळली, तेव्हा खराब हवेमुळे हेलिकॉप्टरसुद्धा जाऊ शकले नाही. मदत पायीच चढली.

तेव्हा हवा चांगली असेल तर दोर किंवा औषध झटपट पोहोचवायला जेटपॅक कामाचा, एवढेच. मांडव्याच्या बोटीत बसाल तेव्हा मात्र मुलांसाठी आधी लाइफ जॅकेट मागून घ्या.